मदत हवी आहे : बीएमआयवर कितपत विसंबावे?

नमस्कार. मी सांगलीचा. माझा धाकटा भाऊ तालमीत रोज घाम गाळणारा पैलवान असून उंची १७५ सेंटीमीटर व वजन ९२ किलो असल्यामुळे त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा) ३० भरतो आणि तक्त्यात तो चक्क लठ्ठ ठरतो. माझा बीएमआय २१.५, म्हणजे कागदोपत्री मी उत्तम. पण पॅन्टचा हूक लागत नाही, बेंबीवर टेप ९६ सेंटीमीटर दाखवते आणि उपाशीपोटीची साखर ११८ आली आहे. विम्याचा जादा हप्ता मात्र भावालाच सांगितला गेला!

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे सूत्र केतले या बेल्जियन गणितज्ञाने १९व्या शतकात लोकसमूहाच्या अभ्यासातून मांडले. त्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, चरबी कुठे साठली हेही नाही. भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर धरतात, हे मला ठाऊक आहे.

जिममधल्या काट्यावरचे चरबीचे प्रमाण पाणी प्यायल्यानेही बदलते, म्हणून सांगली-मिरजेत कोणी डेक्सा या क्ष-किरण स्कॅनने चरबी मोजून घेतली असल्यास ठिकाण, खर्च आणि अहवाल कोणत्या डॉक्टरांना दाखवावा, हे कृपया कळवावे. की माझ्यासाठी कमरेची टेपच पुरेशी आहे?