टांगलेल्या कुंडीतली फुलझाडं: ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा

कोपरी, ठाणे पूर्व, तिसरा मजला

चार वर्षांपूर्वी दोन टांगत्या कुंड्या आणल्या. एक लिपस्टिक नावाच्या फुलझाडाची, एक होयाची, म्हणजे मेणासारख्या फुलांची वेल. दोघी पूर्वेच्या खिडकीत, एकाच दांडीला. लिपस्टिक दरवर्षी लालभडक फुलते. होया पहिल्या वर्षी फुलली, गुलाबी चांदण्यांचे दोन गुच्छ, आणि रात्री खोलीभर वास. त्यानंतर एक कळी नाही. पानं जाड, वेल तजेलदार, कीड नाही. खत, पाणी, फुलं सरल्यावरची छाटणी, सगळं दोघींचं सारखंच करते. मग हिचंच असं का?

फ्लॅटमध्ये फुलझाडं टांगणाऱ्या सगळ्यांनी लिहा. काय जगलं, काय गेलं आणि कशानं गेलं, तेही लिहा.

घोडबंदर रस्ता, अठरावा मजला

आमच्याकडे प्रश्न फुलांच्या आधी वजनाचा. आठ इंची कुंडी लाल मातीनं भरली, पाणी घातलं आणि घरच्या काट्यावर ठेवली तर पाच किलोच्या वर गेली. ती मी जिप्समच्या छताला हूक लावून टांगली होती. जूनच्या पहिल्या वाऱ्यात हूक छताचा तुकडा घेऊनच खाली आला. नशिबानं बाल्कनीच्या आत पडली. आता सगळे हूक स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून बसवलेत, आणि जून ते सप्टेंबर एकही कुंडी कठड्याच्या बाहेरच्या बाजूला नसते. अठराव्या मजल्यावरून कुंडी पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

शिवाय मेट्रोच्या कामाची धूळ. पानांवर थर बसला की झाड मलूल दिसतं आणि आपण पाणी वाढवतो. त्याला पाणी नको असतं, उजेड हवा असतो. दर रविवारी ओल्या फडक्यानं पानं पुसतो.

नेरूळ, सिडकोची जुनी इमारत, दुसरा मजला

माझा अनुभव शेजाऱ्यांचा. ग्रिलमध्ये सहा कुंड्या, आणि खाली पहिल्या मजल्यावरच्या काकूंची कपड्यांची दोरी. मातीचं पाणी त्यांच्या पांढऱ्या साडीवर ठिबकलं. चूक माझीच होती. तेव्हापासून कुंडी उतरवते, बाथरूममध्ये बादलीत दहा मिनिटं बुडवते, अर्धा तास निथळू देते आणि मग परत टांगते. कटकट आहे, पण मातीच्या गोळ्यातल्या कोरड्या जागाही भिजतात आणि झाडं पूर्वीपेक्षा बरी आहेत. काकू आता माझ्याकडून बिगोनियाच्या काड्या नेतात.

ऐरोली

खाली ताटली लावणाऱ्यांनो, ताटली आठवड्यातून एकदा तरी ओता आणि घासा. डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. आमच्या घरी एक जण झेलून बसलाय.

नौपाडा, ठाणे पश्चिम

लिपस्टिक मी दोनदा मारली. दोन्ही वेळा पावसाळ्यात. पानं पिवळी पडून गळायला लागली, मला वाटलं तहानली. उपटून पाहिलं तर मुळं काळी आणि चिकट.

हे झाड मूळचं मलाया-जावाकडचं. तिकडे पाऊस आपल्यापेक्षा कमी नाही, मग इथे का कुजावं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर असं की तिथे ते जमिनीत वाढतच नाही. झाडांच्या फांद्यांवर, शेवाळात आणि पालापाचोळ्यात मुळं रोवून राहतं. पाऊस येतो, वाहून जातो, मुळांना लगेच हवा मिळते. आपण त्याला चिकट मातीच्या गोळ्यात कोंबतो आणि जुलैच्या दमट हवेत तो गोळा आठ-आठ दिवस सुकत नाही.

तिसऱ्या झाडाला माती जवळजवळ दिलीच नाही. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, थोडं कोकोपीट, कोळशाचे खडे, मूठभर गांडूळखत. पावसाळ्यात बोट खुपसून पाहते, दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी. फुलं नव्या शेंड्यांना येतात, म्हणून बहर सरला की शेंडे खुडते. कुंडी मात्र मोठी करत नाही, मुळं जरा दाटीत असली की जास्त फुलते. सहावं वर्ष आहे.

खारघर

बिगोनियाच्या कुंडीत लालबुड्या बुलबुलनं घरटं केलं. तीन अंडी, गुलाबीसर, त्यावर तांबूस ठिपके. पाणी घालायचं की नाही, यावर घरात दोन दिवस चर्चा. शेवटी कुंडीच्या कडेनं, चमच्यानं, पक्षी उडून गेल्यावर थोडं थोडं घातलं. अंडी उबायला दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी जवळपास तेवढेच. बिगोनिया निम्मी वाळली. फांद्या पुन्हा फुटल्या, मला काही दुःख नाही.

वाशी, सेक्टर १७

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्यात श्रीवर्धनकडच्या आमच्या वाडीतला आंबा पडला. आंब्यावर सीतेची वेणी नावाचं ऑर्किड होतं, फांदीवरच वाढणारं. वडिलांनी फांदीचा तो तुकडा करवतीनं कापून इथे आणला. आधी मी तो मातीत ठेवायला निघालो होतो, वडील ओरडलेच. आता सागाच्या पट्ट्यांच्या टोपलीत आहे, मुळं सगळी उघडी. उन्हाळ्यात सकाळी फवारा, पावसात काहीच नाही. दोन वर्षं रुसली. तिसऱ्या वर्षी मेअखेरीस वीतभर तुरा आला, पांढरा, जांभळ्या ठिपक्यांचा. तेव्हा वडील नव्हते.

जंगलातून ओरबाडलेली ऑर्किडं कुणी विकत असेल तर कृपया घेऊ नका. नर्सरीत वाढवलेली मिळतात.

कळवा

टांगलेल्या कुंडीत मुंग्या दिसल्या की आधी पानांची बेचकं पाहा. पिठ्या ढेकणांचा गोड चिकटा खायला त्या येतात आणि ढेकूण या झाडावरून त्या झाडावर नेतात. मी कापसाच्या बोळ्यावर सॅनिटायझर घेऊन एकेक पुसते, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारते. दर आठवड्याला, तीनदा. एकदा करून भागत नाही.

बेलापूर

कोपरीच्या ताई, होयाची छाटणी करताना फुलांचे गुच्छ ज्यावर आले होते, ते बोटभर दांडे कापता का? लिपस्टिक नव्या शेंड्यावर फुलते, होया त्याच जुन्या दांड्यावर वर्षानुवर्षं फुलते. दांडा कापला की वेलीला नवा तयार करावा लागतो, आणि त्यात बराच काळ जातो. फुलं आपोआप गळू द्या, दांड्याला हात लावू नका. कळ्या दिसल्यावर कुंडीची जागाही बदलू नका, कळ्या गळतात. आणि कोवळ्या उन्हाचे दोन-तीन तास तिला हवेतच, नुसत्या पानांसाठी कमी उजेडही पुरतो.

आपल्या सह्याद्रीतही होया वायटी नावाची जात झाडांवर चढलेली असते.

कोपरी, ठाणे पूर्व, तिसरा मजला

बेलापूरकर, हो, कापते. वाळक्या काड्या समजून, दरवर्षी, अगदी निगुतीनं. वाचल्यावर खुर्ची घेऊन वर चढले आणि शोधले. पानांमागे दडलेले दोन दांडे माझ्या कात्रीतून सुटलेत. दोघांना लाल दोरा बांधलाय, म्हणजे मी विसरले तरी घरात दुसरं कुणी कापणार नाही.