रिपोर्ट *२/*२, क्लोपिडोग्रेल चालू: गोळी बदलताना काय बघायचं?

कुडाळ_औषधवाला: पेशंट ६४ वर्षांचे, वजन ५६ किलो. हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसवून १८ दिवस झाले. ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल (स्टेंटमध्ये गुठळी होऊ न देणारी) ७५, ओमेप्राझोल (ॲसिडिटीची) २० चालू. सीवायपी२सी१९ या यकृतातल्या एन्झाइमच्या जनुक चाचणीचा रिपोर्ट *२/*२ आलाय, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी. घरचे विचारतात, क्लोपिडोग्रेल दोन-दोन दिल्या तर?

रक्तवाहिनी: उपयोग नाही. ही गोळी पोटात जाते ती निष्क्रिय. यकृतातलं हे एन्झाइम तिला कामाला लावतं. *२/*२ मध्ये काम करणारं एन्झाइमच नाही. बंद गिरणीत दुप्पट भात ओतून तांदूळ निघत नाही! रोज ३०० मिग्रॅ देऊनही अशांचे प्लेटलेट (गुठळी करणाऱ्या रक्तपेशी) पुरेसे दबले नव्हते. अशांना ही गोळी कमी लागू पडते, असा अमेरिकेच्या एफडीएचा ठळक इशारा २०१० पासून आहे.

पर्यायी गोळ्या दोन: टिकाग्रेलॉर आणि प्रासुग्रेल. टिकाग्रेलॉरला या एन्झाइमची गरज नाही. ३० दिवसांच्या आत बदलताना आधी १८० मिग्रॅ एकदम, क्लोपिडोग्रेलची शेवटची गोळी कधी घेतली ते न बघता; मग ९० मिग्रॅ दिवसातून दोनदा. ॲस्पिरिन १०० च्या वर नको. आधी मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर हे औषध द्यायचंच नाही. प्रासुग्रेल आणायचं तर वजन ६० च्या खाली आहे, म्हणून रोज १० ऐवजी ५; लकवा किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेला असेल तर बाद. निर्णय अर्थात कार्डिओलॉजिस्टचा.

सावंतवाडी_लॅब: क्लोपिडोग्रेल चालू असणाऱ्यांना ओमेप्राझोल नको, तेही हेच एन्झाइम अडवतं. पँटोप्राझोल बरं. चाचणीला उपाशी राहावं लागत नाही, गोळीही थांबवायची नाही. जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये २-३ मिली रक्त पुरतं.

रत्नागिरी_हृदय: मग स्टेंटवाल्या प्रत्येकाची चाचणी? माझं मत नाही. २०२० च्या टेलर-पीसीआय या अभ्यासात चाचणी बघून गोळी निवडली, तर १२ महिन्यांनी कल फायद्याकडे होता, पण फरक निर्णायक ठरला नाही. अटॅकनंतर टिकाग्रेलॉर परवडत असेल तर रिपोर्टची वाट कशाला? क्लोपिडोग्रेलवरच ठेवायचं असेल तेव्हा चाचणीला अर्थ.

रक्तवाहिनी: मान्य. पण गडबड नंतर होते. टिकाग्रेलॉरची संध्याकाळची गोळी विसरतात. टिकाग्रेलॉरने दम लागल्यासारखं वाटतं, मग पेशंट स्वतःच बंद करतो आणि स्टेंटमध्ये गुठळी. दम लागला तर आधी तपासून घ्या, हृदयामुळे नाही ना. आणि माटवीला (गणपतीवर फळं टांगायची चौकट) टांगलेलं पपनस! ते ग्रेपफ्रूटच्या जातीतलं, टिकाग्रेलॉरची रक्तातली पातळी वाढवू शकतं. गणपतीत पूजेपुरतंच ठेवा.

कुडाळ_औषधवाला: दात काढायचाय म्हणतात, त्यासाठी गोळी थांबवू?

रत्नागिरी_हृदय: दात काढणं थांबवा, गोळी नाही.