ओएसपीएफ निम्मा ट्रॅफिक १ गिगच्या बॅकअपवर का टाकतो?

पॅकेटवारी
पुणे ऑफिस ते महापे डेटा सेंटर अशा दोन लाइन आहेत, मुख्य १० गिगची (सेकंदाला १० गिगाबिट) आणि बॅकअप १ गिगची. दोन्हीकडे सिस्को आयओएस या प्रणालीचे राउटर, वाट निवडायला ओएसपीएफ प्रोटोकॉल, सगळं त्याच्या एरिया ० या एकाच गटात. महापेच्या राउटरचा सर्व्हर लॅनचा पोर्टही १० गिगचा. दुपारी बॅकअप काठोकाठ भरते आणि पॅकेट गळतात. एकाची फाइल झटकन उतरते, शेजारच्या टेबलावर तीच रखडते. 'शो आयपी रूट'मध्ये सर्व्हरच्या नेटवर्कला दोन नेक्स्ट हॉप (पुढच्या टप्प्याचे पत्ते) दिसतात, दोन्ही [११०/२], म्हणजे वाटेची कॉस्ट (किंमत) २. वेगवान लाइन निवडायला हवी ना?

तिसरा_थर
ओएसपीएफ कॉस्ट बघतो. लाइन किती भरली आहे हे त्याला कळतच नाही. कॉस्ट म्हणजे रेफरन्स बँडविड्थ भागिले पोर्टची बँडविड्थ, आणि आयओएसमध्ये रेफरन्स १०० एमबीपीएस धरलेला असतो. १ गिगला ०.१ येतं, १० गिगला ०.०१, पण कॉस्ट १ च्या खाली जात नाही, म्हणून दोन्ही लाइन १. त्यात सर्व्हर लॅनचा १ मिळवला की तुमचा २.

कॉस्ट सारखी झाली की राउटर दोन्ही वाटा वापरतो. वाटणी सहसा सोर्स आणि डेस्टिनेशन आयपीच्या हॅशवर (त्या पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावर) होते. ज्याचा हॅश १ गिगवर पडला, तो तिथेच अडकतो. शेजारच्या टेबलाचं कोडं हेच.

'राउटर ओएसपीएफ १'मध्ये 'ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १०००००' द्या, आकडा एमबीपीएसमध्ये. मग १० गिगची कॉस्ट १०, १ गिगची १००. रूट [११०/२०] दिसेल, नेक्स्ट हॉप एकच.

पॅकेटवारी
पुण्यातला आज बदलतो, महापेचा शनिवारी. चालेल?

तिसरा_थर
नको, दोन्ही एकाच वेळी बदला. प्रत्येक राउटर बाहेर जाणाऱ्या दिशेची कॉस्ट धरतो. पुण्याची मागणी १० गिगवरून जाईल, पण फाइल महापेहून येते आणि तिकडे दोन्ही लाइन अजून सारख्याच. तक्रार जशीच्या तशी राहील. प्रत्येक लाइनवर वेगळी फायरवॉल असेल तर हाल आणखी: जिने सुरुवातीचं पॅकेट पाहिलं नाही, ती उत्तर टाकून देते.

आणि ही चूक ओरडून सांगत नाही. हॅलो (राउटर एकमेकांना पाठवतात ते ओळखीचं पॅकेट) टायमर किंवा एरिया चुकला तर नेबर, म्हणजे समोरचा राउटर, जुळत नाही. रेफरन्स बँडविड्थ मात्र हॅलोमध्ये जातच नाही, त्यामुळे नेबर 'फुल', म्हणजे पूर्ण जुळलेलाच, दिसतो. दोन्हीकडे 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ' देऊन कॉस्टचा रकाना ताडून बघा. वाटेत सिस्कोचा नेक्सस स्विच असेल तर तिथला मूळ रेफरन्स ४० जीबीपीएस असतो, तिथेही हाच आकडा द्या.

एरिया_शून्य
बीएफडीही (लाइन तुटल्याचं झटपट ओळखणारा प्रोटोकॉल) लावा. प्रोव्हायडरच्या मधल्या यंत्रात बिघाड झाला तर तुमचा पोर्ट अप राहतो आणि हॅलो येणं थांबलं तरी ओएसपीएफ डेड टायमरचे ४० सेकंद वाट बघतो. तोवर ट्रॅफिक बुडतो. दर ३०० मिलिसेकंदांनी एक पॅकेट आणि मल्टिप्लायर ३ (सलग तीन चुकली की लाइन गेली) ठेवलात तर ०.९ सेकंदात लाइन गेल्याचं कळतं.