गणिती सॉफ्टवेअर आरक्षित शब्द, फंक्शन आणि चल यांत फरक कसा करते?

प्रश्न

मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये 'एंड' या नावाला किंमत देऊ गेल्यास लगेच एरर येते. 'सम' (sum, म्हणजे बेरीज) या नावाला मात्र 5 ही किंमत बिनतक्रार दिली जाते, आणि नंतर 1, 2, 3 या संख्यांची बेरीज मागितली की निर्देशांक (घटकाचा क्रमांक) मर्यादेबाहेर गेल्याचा संदेश येतो. दोन्ही शब्द मूळचे मॅटलॅबचेच असताना असे का व्हावे?

उत्तर 1

हे दोन शब्द वेगवेगळ्या टप्प्यांवर ओळखले जातात. 'फॉर', 'इफ', 'एंड' या आरक्षित शब्दांवर प्रोग्रामची रचनाच अवलंबून असल्यामुळे, मजकूर वाचला जात असतानाच, एकही ओळ चालण्यापूर्वी, त्यांचा अर्थ ठरलेला असतो. 'सम' हे साधे नाव आहे. त्याचा अर्थ शोधताना आधी त्या नावाचा चल, म्हणजे किंमत साठवणारे नाव, पाहिला जातो आणि तो नसेल तरच फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारी आज्ञा. शिवाय फंक्शनला मूल्य देणे आणि सारणीतील घटक काढणे या दोन्हींसाठी मॅटलॅब गोल कंसच वापरते. त्यामुळे आपल्या उदाहरणात बेरीज झालीच नाही, तर एकच घटक असलेल्या चलातून पहिला, दुसरा आणि तिसरा घटक मागितला गेला. कंसात नुसता 1 असता, तर एरर न येता 5 हे उत्तर आले असते, आणि ते अधिक घातक ठरले असते. एखादे नाव सध्या कशाकडे जाते ते 'व्हिच' ही आज्ञा सांगते. 'क्लिअर'ने चल काढून टाकला की मूळ फंक्शन परत मिळते. 'पाय' (π) आणि काल्पनिक एककाचा 'आय' यांनाही हेच लागू आहे.

उत्तर 2

मॅथेमॅटिका या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरची मांडणी मला अधिक स्वच्छ वाटते. तेथे 'इफ' आणि 'फॉर'सुद्धा इतर फंक्शनप्रमाणेच लिहिले जातात, फंक्शनची मूल्ये चौकटी कंसात येतात आणि गोल कंस केवळ गट करण्यासाठी राहतात. म्हणून एफ या नावापुढे गोल कंसात एक्स लिहिल्यास त्याचा अर्थ गुणाकार होतो. अंगभूत नावे मोठ्या अक्षराने सुरू होतात व बहुतेक संरक्षित असतात, त्यामुळे मोठ्या 'ई'ला (स्थिरांक e) किंवा 'एन'ला (संख्यात्मक किंमत काढणारे फंक्शन) किंमत देता येत नाही.

उत्तर 3

'आर' या संख्याशास्त्रीय प्रोग्रामिंग भाषेत नावापुढे कंस असेल, तर त्या नावाचा चल ओलांडून फंक्शनच शोधले जाते. म्हणून 'सी' नावाचा संख्यात्मक चल असतानाही 'सी' हे मूल्ये एकत्र जोडणारे फंक्शन चालते. मात्र 'ट्रू' (सत्य) हा शब्द आरक्षित असला, तरी त्याचे लघुरूप 'टी' हा साधा चल आहे आणि त्याला कोणतीही किंमत देता येते. म्हणून पूर्ण शब्दच लिहावा.