सही कुणाची चालते?

"तरुण पुढेच येत नाहीत" ही संस्था-मंडळांमधली जुन्या पदाधिकाऱ्यांची तक्रार मला अर्धीच पटते. येतात हो, पण आल्यावर त्यांच्या वाट्याला काय येतं? सूत्रसंचालन, फोटो आणि सोशल मीडियाचं पान. बैठकीचे विषय आधीच ठरलेले, चेकवर सह्या जुन्याच दोघांच्या.

अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं घेणं. बहुतेक 'युवा समित्या' तिथेच अडकलेल्या दिसतात. (युवा शाखा काढली की मूळ कार्यकारिणीला हात लावावा लागत नाही, ही सोय वेगळीच!)

माझ्या मते सुरुवात पैशांपासून व्हावी. एका उपक्रमाचं बजेट पूर्णपणे तरुणांच्या हाती द्या, सहीच्या अधिकारासकट. हिशेब जरूर मागा, पण खर्च झाल्यावर. प्रत्येक पावतीआधी फोन नको. कार्यक्रम फसला तर 'तरी सांगत होतो' हे वाक्य गिळायची तयारी ठेवा. हेच सगळ्यात जड जातं.

पदांना मुदत हवीच. दोन कार्यकाळ झाले की बाजूला, आणि बाजूला म्हणजे खरंच बाजूला. मावळत्या अध्यक्षांना लगेच 'मार्गदर्शक' करून शेजारी बसवलं, तर नवा अध्यक्ष तोंड उघडण्याआधी त्यांच्याकडेच बघणार. वर्षभर तरी त्यांना बैठकीला बोलावू नका. सल्ला लागलाच तर नवीन माणूस स्वतःहून फोन करेल.