लिथॉप्सची रोपे वाढतच नाहीत

प्रश्न: पुण्यातील घराच्या पूर्वेकडील खिडकीत लिथॉप्सचे (खड्यासारख्या दिसणाऱ्या, दोन जाड पानांच्या वनस्पतीचे) बी पेरून ३ महिने झाले, तरी रोपे मोहरीएवढीच आहेत, माझे काही चुकते आहे का?

उत्तर: मुळीच नाही. दक्षिण आफ्रिका व नामिबियाच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातील ही वनस्पती बियांपासून फुलापर्यंत साधारण ३ ते ५ वर्षे घेते.

दुसरे उत्तर: इतक्या लहान रोपांची माती पूर्ण सुकू देऊ नये; मात्र पुढे जुन्या पानांच्या फटीतून नवी जोडी डोकावू लागली, की जुनी पाने कागदासारखी वाळेपर्यंत पाणी थांबवावे, कारण नवी पाने त्यांतील ओलावाच शोषून घेतात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. रोज काडीने माती उकरून पाहणे आजपासून बंद करते.