स्विफ्टचे पुढचे शॉकअप बदलायचेत, अलाइनमेंटचं काय?

रत्नागिरीकर: मंडळी, २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. डाव्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय, खड्ड्यात चाक गेलं की धप्प आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो फक्त डावा बदलू, अलाइनमेंटची (चाकांचे कोन मोजून जुळवण्याची) गरज नाही. ऐकू का त्याचं?

पाना_पक्कड: नका ऐकू, दादा. शॉकअप जोडीनेच बदला. एक नवा ताठ आणि एक जुना मऊ असला की वळणावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. घाटरस्त्याला तर हे नकोच.

अलाइनमेंट लागतेच. तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आहे, त्याचं खालचं टोक नकलला (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला) दोन बोल्टांनी धरलेलं असतं. त्या भोकांत बोल्टाला जराशी मोकळीक असते. तेवढ्यावर चाक आत किंवा बाहेर कलतं, म्हणजे कँबर (समोरून दिसणारा चाकाचा उभा कल) बदलतो आणि त्याच्यासोबत टो (वरून बघता चाकांची पुढची बाजू किती आत किंवा बाहेर वळली आहे ते) पण हलतो. खोलण्याआधी जोडावर पेंटने रेघ मारून घ्या म्हणावं, पण नव्या शॉकअपवर ती अंदाजानेच उतरते. मशीनवर मोजल्याशिवाय खरं कळत नाही.

वरचं माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर आपटू नये म्हणून असलेलं रबर) आणि धुळीचं रबर त्याच वेळी बघून घ्या. बेअरिंग गेलेलं राहिलं तर नवा शॉकअप घालूनही स्टेअरिंग वळवताना टणटण चालूच राहील.

घाटवाट: हे काम घरी करू नका. स्प्रिंग कंप्रेसरने नीट दाबल्याशिवाय वरचा मधला नट सोडला तर प्लेट उडून जिवावर बेततं. आणि काम चालू असताना नकल ब्रेकच्या होजवर लटकत ठेवलेलं दिसलं तर तिथेच थांबवा, तारेने बांधायला लावा.

रत्नागिरीकर: दोन्ही बदलतो मग. डाव्या टायरची आतली कडही झिजली आहे. अलाइनमेंट त्याच दिवशी करू?

पाना_पक्कड: थोडी गाडी फिरवा, स्प्रिंग बसू दे, मग जा. पण त्याआधी चाक जॅकवर उचलून हलवून बघा. आडवं हललं तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक), उभं हललं तर बॉल जॉइंट (नकलखालचा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुशही बघा. यातलं काही ढिलं असेल तर अलाइनमेंटचे पैसे वाया.

टायरवर हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं बोचलं, तर टोचा दोष. नुसती आतली कड सपाट झिजली असेल तर कँबरवरही संशय घ्या.

तिथे गेल्यावर हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या. आधी कँबर बघायला सांगा. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर तेच दोन बोल्ट सैल करून जमेल तेवढा सुधारतात. टो त्यानंतरच, कारण कँबर हलवला की आधी लावलेला टो जातो. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा.

घाटवाट: मारुतीचा मूळ भाग महाग वाटला तर गॅब्रिएल कंपनीचा शॉकअप बघा, आपल्या चाकणला कारखाना आहे त्यांचा. फक्त दुकानदाराला मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगा, जुन्या-नव्या स्विफ्टचे शॉकअप वेगळे येतात.